फोर्ड आणि जनरल मोटर्स भारतातून का गेल्या? उद्यमबागेतून दिसलेलं उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: फोर्ड आणि जनरल मोटर्स या शंभरी ओलांडलेल्या अमेरिकन कंपन्या भारतात टिकल्या नाहीत आणि त्यांच्यापुढे चिमुकली असलेली सुझुकी मात्र बाजार धरून बसली, हे कसं? आणि चिनी कंपन्यांचंही असंच होईल का?

मी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत एका मशिनशॉपमध्ये डेव्हलपमेंटचं काम बघतो. नवीन ड्रॉइंग आलं की पॅटर्न (ओतकामाचा साचा काढायचा नमुना), फिक्स्चर (भाग मशिनवर पक्का धरणारी चौकट), सॅम्पल, मंजुरी, सगळं माझ्या टेबलावर. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, शेजारच्या फाउंड्रीतून येतं, आम्ही मशिनिंग करून पुण्याकडे पाठवतो. गाडी बनवणारी कंपनी आम्हाला नावानं ओळखतही नाही, कारण तिच्या आणि आमच्या मध्ये एक-दोन मोठे सप्लायर असतात. म्हणजे मी हा सगळा धंदा खालून वर बघतो, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

या प्रश्नावर नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे ‘भारतीय माणूस मायलेज बघतो, ते गोऱ्यांना कळलं नाही’. मला ते पटत नाही. फोर्डकडे हिशेब कळणारी माणसं नव्हती असं कोण म्हणेल? त्यांनी हिशेब नीट केला, म्हणूनच ते गेले.

जनरल मोटर्सचंच (जीएम) बघा. जुलै 2015 मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा भारतात आल्या आणि त्यांनी 1 अब्ज डॉलर गुंतवणुकीची घोषणा केली. मे 2017 मध्ये त्याच कंपनीनं सांगितलं की वर्षअखेर भारतातली विक्री बंद. दोन वर्षांत भारतीय गिऱ्हाईक काही बदललं नव्हतं. बदलला होता तो कंपनीचा स्वतःकडे बघण्याचा चष्मा. त्याच 2017 मध्ये त्यांनी युरोपातली ओपेल आणि व्हॉक्सहॉल फ्रान्सच्या पीएसएला विकली आणि दक्षिण आफ्रिकेतूनही काढता पाय घेतला. रशियातलं दुकान आधीच, 2015 मध्ये, आवरलं होतं. पुढे ऑस्ट्रेलियातली होल्डन गेली, थायलंडचा कारखाना गेला. सगळीकडे खप वाढवत राहायचं हे जुनं धोरण सोडून, जिथे पैसा सुटतो तिथेच पैसा घालायचा असं ठरलं होतं. भारतात त्यांचा हिस्सा एक टक्क्याच्या आसपास. इथं नवीन गाडी काढायला लागणारा पैसा अमेरिकेतल्या पिकअप ट्रकवर घातला तर कैक पटीनं परत येतो. बोर्डावर बसलेला माणूस दुसरं काय करणार?

फोर्डची गोष्टही त्याच वळणाची. 2018 मध्ये त्यांनी अमेरिकेतच मस्टँग सोडून बाकी कार बंद करायचं जाहीर केलं, कारण नफा एफ-सिरीज पिकअपमध्ये होता. जानेवारी 2021 मध्ये ब्राझीलमधलं उत्पादन थांबवलं, सप्टेंबर 2021 मध्ये भारतातलं. दहा वर्षांत 2 अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला होता. चेन्नई आणि सानंद मिळून वर्षाला चार लाखांवर गाड्यांची क्षमता, आणि वापरात तिचा जेमतेम पाचवा हिस्सा. महिंद्राबरोबर संसार थाटायचा घाट 2019 मध्ये घातला होता, तोही 2020 च्या शेवटच्या दिवशी मोडला.

आता सुझुकी. तुम्ही तिला विजेता म्हणता, पण हीच सुझुकी 2012 मध्ये अमेरिकेतला कारधंदा गुंडाळून बाहेर पडली आणि 2018 मध्ये चीनमधून. जगातल्या दोन सगळ्यात मोठ्या बाजारांतून तिनं माघार घेतली. पण तिच्या एकूण गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त भारतात खपतात. ज्याची चार गावांत शेती आहे तो एका गावचा खडकाळ तुकडा पडीक टाकतो. ज्याचं सगळं त्या एका तुकड्यावर आहे तो दगड वेचत बसतो. फोर्ड-जीएम गेल्या आणि सुझुकी राहिली याचं निम्मं कारण मला एवढंच दिसतं.

उरलेलं निम्मं कारण आमच्या धंद्यातलं आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

1982 मध्ये सुझुकी सरकारी मारुतीत आली ती 26 टक्के हिस्सा घेऊन, मालक म्हणून नव्हे. डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती 800 बाहेर पडली तेव्हा तिचे बहुतेक भाग जपानहून येत. 1985 नंतर येन झपाट्यानं महागला आणि आयात किट परवडेनासं झालं. सरकारचाही देशी भागांसाठी तगादा होता. मग मारुतीनं काय केलं, तर भाग बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये स्वतःच भांडवल घातलं. सीट, स्टिअरिंग, प्लॅस्टिक, पत्र्याचं काम, एकेका कंपनीत थोडा थोडा हिस्सा, शिवाय जपानी भागीदार आणून दिला. सप्लायर बुडाला तर आपलेही पैसे बुडतात अशी गाठच मारून ठेवली. फोर्ड 1995 मध्ये आली तेव्हा हे जाळं दहा वर्षांचं मुरलेलं होतं.

आणि फोर्डनं आणलं काय? एस्कॉर्ट. जीएमनं आणली ओपेल अॅस्ट्रा. दोन्ही मोठ्या, महाग आणि बाहेर जुन्या होत आलेल्या. ह्युंदाईनं 1998 मध्ये थेट सँट्रो ही लहान गाडी आणली, सोबत कोरियन सप्लायर आणून चेन्नईजवळ बसवले आणि तिथून निर्यातही सुरू केली. फोर्डची इथल्यासाठी बनवलेली लहान गाडी, फिगो, 2010 मध्ये आली. पंधरा वर्षांनी! तोवर लहान गाडी म्हणजे मारुती नाहीतर ह्युंदाई हे समीकरण घट्ट झालं होतं.

मध्ये 2006 च्या बजेटात चार मीटरचा नियम आला. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन ठरावीक मर्यादेत असेल तर अबकारी कर 24 वरून 16 टक्के. जगभर एकच ढाचा विकणाऱ्या कंपनीला हा नियम म्हणजे डोकेदुखी, कारण एका देशासाठी गाडी कापायची तर त्याचा खर्च त्याच देशातून वसूल व्हायला हवा. फोर्डला ते एकदा छान जमलंही. 2013 ची इकोस्पोर्ट ही चार मीटरच्या आतली उंच गाडी लोकांनी उचलून धरली. मग 2016 मध्ये मारुतीची ब्रेझा आली, 2017 मध्ये टाटांची नेक्सॉन, 2019 मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू, आणि फोर्ड त्याच इकोस्पोर्टला नवा रंग देत बसली. वाट पाडली फोर्डनं, त्या वाटेवर गाड्या धावल्या दुसऱ्यांच्या. पैसा पुढच्या मॉडेलवर घालायचा की नाही हे चेन्नईत ठरत नव्हतं ना.

जीएमच्या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी चक्रावते. सुझुकीचा वीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा एके काळी जीएमकडेच होता. भारताच्या बाजाराचा राजा ज्या घरचा, त्या घरात ते भागीदार होते. पैशाची चणचण लागली तशी 2006 मध्ये त्यातला बहुतेक भाग विकला, उरलेला 3 टक्के 2008 मध्ये. इकडे भारतात मात्र कोरियाच्या देवू कंपनीकडून आलेल्या मॅटिझला स्पार्क म्हणून विकत राहिले.

आता खरेदीची रीत. 1992 मध्ये जीएमच्या खरेदीखात्यावर लोपेझ नावाचा स्पॅनिश गृहस्थ बसला. त्यानं चालू करार मोडून सप्लायरांकडून दोन आकडी टक्क्यांची कपात मागितली. एकाचं ड्रॉइंग दुसऱ्याला दाखवून भाव पाडल्याच्या तक्रारी झाल्या. जीएमचे पैसे वाचले खरे, पण सप्लायरांनी नवी कल्पना आधी दुसऱ्याला द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी तो फोक्सवॅगनला गेला, कागदपत्रं नेल्याचा दावा झाला आणि 1997 मध्ये फोक्सवॅगननं 10 कोटी डॉलर देऊन, वर 1 अब्ज डॉलरचे भाग जीएमकडून घ्यायचं कबूल करून ते मिटवलं. त्याच 1997 च्या फेब्रुवारीत जपानमध्ये आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटा वॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सगळा तिथूनच यायचा. टोयोटाच्या लाइन बंद पडल्या. ज्यांनी तो वॉल्व्ह कधी बनवला नव्हता अशा कंपन्यांनी, शिवणयंत्रवाल्या ब्रदरनंसुद्धा, ड्रॉइंग घेऊन आपापल्या मशिनवर तो काढून दिला आणि काही दिवसांत गाड्या पुन्हा सुरू झाल्या. करार बघत बसायला कुणाला वेळ नव्हता.

उद्यमबागेत बसून या दोन रीती ओळखता येतात. भाव तर सगळेच पाडून मागतात, दरवर्षी काही टक्के कमी करा हे ठरलेलंच. भंगार आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) महागलं की फरक तिमाही उलटल्यावर मिळतो, तोवर तुमचं तुम्ही सोसा. हे कुणालाच चुकलं नाही. फरक दिसतो शेड्यूलमध्ये, म्हणजे सांगितलेला माल खरंच किती उचलतात त्यात. आमच्या ओळखीच्या एका शॉपनं एका परदेशी कंपनीच्या प्रकल्पासाठी कर्ज काढून मशिन घेतलं. चौकशीच्या कागदावर वर्षाचा जो आकडा होता, त्याच्या पावपट माल दोन वर्षं जेमतेम उचलला गेला आणि मग ‘प्रोग्रॅम स्थगित’ अशी एक ईमेल. पॅटर्न अजून मागच्या शेडमध्ये आहेत. मालकानं ते मशिन ट्रॅक्टरच्या हाउसिंगला लावलं म्हणून निभावलं. बेळगाव तगतं ते असंच: क्रँकशाफ्ट, ट्रॅक्टर, पंप, हायड्रॉलिक्स, एकावर भार नाही.

त्यात आमचं सीमेवरचं दुखणं वेगळं. कामगार चंदगड-खानापूरचे, काही कास्टिंग कोल्हापूरचं, शॉप कर्नाटकात, गिऱ्हाईक पुण्यात. 2017 मध्ये जीएसटी येईपर्यंत सी-फॉर्म (दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावरच्या कमी कराचा कागद) गोळा करणं हे एका माणसाचं काम असायचं आणि निपाणीजवळ कोगनोळीला ट्रक कागदांसाठी अडकला की पुण्याची लाइन आमच्या नावानं खडे फोडायची. राजकारणातला सीमाप्रश्न जिथे आहे तिथे आहे, हा एक तरी नाका उठला.

म्हणून माझा आडाखा असा: एखादी कंपनी इथं राहणार की नाही हे बघायचं तर जाहिराती आणि घोषणा सोडा. इंजिन-गिअरबॉक्सचे ओतीव भाग कुठून येतात ते बघा, आणि तिच्या जगभरच्या नफ्यात भारताचा वाटा किती ते बघा. कास्टिंग देशी करायला ड्रॉइंगपासून मंजुरीपर्यंत महिनोन्‌महिने जातात, टूलिंगचा पैसा अडकतो. जायचं मनात असलेला तो खर्च टाळत राहतो.

या आडाख्याला टोयोटा पूर्ण बसत नाही, हेही सांगितलं पाहिजे. जगात पहिली, भारतात हिस्सा कित्येक वर्षं लहान, तरी गेली नाही. 1997 मध्ये किर्लोस्करांबरोबर बंगळुरूजवळ बिडदीला आली (लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते आमच्या बेळगावात, हे सांगितल्याशिवाय बेळगावचा माणूस पुढे जात नाही). क्वालिस आणि इनोव्हावर तिनं वरच्या भावाची एक जागा धरली आणि लहान गाडीत हात भाजल्यावर थेट सुझुकीशीच हातमिळवणी केली. 2019 मध्ये सुझुकीची बलेनो ग्लान्झा नावानं टोयोटाच्या शोरूममध्ये आली, आणि आता सुझुकीची ग्रँड विटारा टोयोटाच्या बिडदी कारखान्यात बनते. स्पर्धकाला हरवता येत नसेल तर त्याच्याकडून गाडी घ्यावी, हा मार्ग फोर्डला महिंद्राबरोबर साधला नाही.

आता चिनी कंपन्या. बीवायडी 1995 मध्ये बॅटरी बनवायला निघालेली कंपनी. आज बॅटरी, मोटर, बरेचसे इलेक्ट्रॉनिक्स स्वतःच बनवते. सप्लायरांची उतरंडच तिला फारशी नको आहे, आणि आमच्यासारख्यांना खरी धास्ती त्याची आहे, कारण इलेक्ट्रिक गाडीत क्रँकशाफ्टही नाही आणि सिलिंडर ब्लॉकही नाही. पण भारतात तिचा मार्ग सरकारी परवानगीतून जातो. एप्रिल 2020 च्या नियमानंतर शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला मंजुरी लागते. त्यापायीच जीएमचा तळेगावचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉलला मिळू शकला नाही आणि चिनी मालकीच्या एमजीमध्ये जिंदालांचा जेएसडब्ल्यू समूह भागीदार म्हणून आला. तेव्हा चिनी कंपन्या कंटाळून जातील की नाही यापेक्षा, त्यांना भारतीय भागीदाराशिवाय आत येता येईल का, हा प्रश्न आधी सुटायला हवा. माझ्या मते इतक्यात येता येणार नाही.

बहुतेक कारखाने मात्र ओस पडले नाहीत. जीएमचा गुजरातेतला हालोल एमजीकडे गेला. फोर्डचा सानंद टाटांनी 725.7 कोटींना घेतला, आणि तिथंच फोर्डची रेंजर पिकअपसाठीची इंजिनं निर्यातीला बनत राहिली. तळेगाव ह्युंदाईनं घेतला. आमच्यापासून तो एका रात्रीच्या ट्रकच्या अंतरावर आहे, त्यामुळे सध्या उद्यमबागेत कुणाच्या टेबलावर तिथलं ड्रॉइंग आलंय याची चौकशी चहाच्या वेळी हमखास होते.