मॅडम गोड आहेत, पण…

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांची, साताऱ्यात बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी धाकटा भाऊ अपघातात गेला. तेव्हापासून पहाटे तीनला दचकून जाग येते, छाती धडधडते. ईसीजी नॉर्मल आला, म्हणून डॉक्टरांनी समुपदेशन सुचवलं. एका मॅडमकडे जातेय. स्वभावाने फार गोड. पण मी भावाचा विषय काढला की ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणतात आणि लगेच श्वासाचे व्यायाम सुरू. घरी येते ती आणखी गप्प होऊन. सोडलं तर त्यांना वाईट वाटेल. मिस्टर म्हणतात, सगळे सारखेच. काय करू?

उत्तर : त्यांना वाईट वाटेल ही काळजी आधी सोडा. ते सांभाळणं त्यांच्या कामाचाच भाग आहे. आणि मिस्टरांना विचारा, केस कापायला ते दिसेल त्या सलूनमध्ये शिरतात का?

पण न सांगता जाणं बंद करू नका. एकदा तोंडावर बोला : ‘मला अजून त्याच्याबद्दलच बोलायचंय. तुम्ही व्यायामाकडे वळलात की माझं बोलणं तुटतं.’ मग त्या काय करतात ते बघा. ‘बरं झालं सांगितलंत, बोला’ म्हणून खरंच ऐकत बसल्या, तर आणखी थोड्या भेटी द्या. ‘तुम्हीच मनावर घेत नाही’ असं ऐकवलं, तर पर्स उचला. श्वासाचे व्यायाम वाईट नाहीत हं, धडधडीला उपयोगी पडतात. पण रडू घशाशी आलेल्या बाईला ‘चार आकडे मोजा’ म्हणायचं म्हणजे तिला गप्प करायचं.

त्यांचं शिक्षणही विचारून घ्या, त्यात आगाऊपणा नाही. मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, गोळ्या तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा क्रमांक मागा. समुपदेशकाची पाटी मात्र चार दिवसांचा कोर्स करूनही लावलेली मी पाहिलीय. एमए करून उत्तम काम करणारेही आहेत, म्हणून तिथे एवढंच विचारा : कुणाच्या हाताखाली शिकलात, आणि गोळ्यांची गरज वाटली तर कुणाकडे पाठवता?

साताऱ्यात आणखी एक अडचण : कुणीतरी कुणाच्या तरी ओळखीचं निघतंच, त्यात तुम्ही बँकेच्या काउंटरवर. गोपनीयतेचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलाय. जिवाला धोका असेल अशा मोजक्या वेळा सोडल्या, तर तुमची गोष्ट बाहेर जाता कामा नये. तरी मन घेत नसेल, तर पुण्यातल्या कुणाशी व्हिडिओ कॉलवर बोला, पण घरात नको. सासूबाई दाराशी असताना भावासाठी रडता येत नाही. गाडीत बसा.

आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासलंय का? नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या. पहाटे फारच घाबरायला झालं, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, मोफत चालू असतो. मराठीतही बोलतात. फक्त तिथे दर वेळी तीच व्यक्ती भेटेल असं नाही.

नवीन कुणी निवडलंत, की पहिल्याच भेटीत भावाचं नाव सांगा. पुढच्या भेटीत ते त्यांच्या लक्षात आहे का, तेवढं बघा.