बांधाच्या अंदाजपत्रकातली ‘मजूर’ ही ओळ सहीआधी वाचा

पेडण्याच्या भावाने विचारलंय: खाजनाच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या भातशेतीच्या) बांधदुरुस्तीला सरकारी निधी मंजूर झाला, पण अटींत ‘प्रमाणित कुशल कामगार’ मागितलेत. गावात बांध घालणारे आहेत ते साठीच्या पुढचे, त्यांच्याकडे दाखला नाही. काय करू?

वाचून पोटात गोळा आला. २०१७ साली मी आमच्या कूळ संघटनेचा, म्हणजे खाजन कसणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेचा, सचिव होतो. खाजन फोंडा तालुक्यात, कुंभारजुवे कालव्याकाठी.

निविदा, अनामत रक्कम वगैरे तुम्हाला माहीत असेलच. मी चुकलो ते त्याआधी. अंदाजपत्रक आलं, मी शेवटचा आकडा पाहिला आणि सही केली. आत लिहिलं होतं: मातीकाम घनमीटरवर, मजूर अकुशल. चिखल कोण कापणार, थर कोण घालणार, मानशीचं (मानस म्हणजे बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची झडप) दार कोण बसवणार, यांना जागाच नव्हती. लक्षात आल्यावर कार्यालयात गेलो. तिथे म्हणाले, कुशल दर हवा तर प्रमाणपत्र आणा. प्रशिक्षण केंद्रात गेलो, तर बांधाच्या कामाचा अभ्यासक्रमच नाही. परत कार्यालयात. ‘मग अकुशलच.’ महिनाभर मी या दोन दारांमध्ये फिरलो. अजून आठवलं की संताप होतो.

आमच्याकडच्या दोघा जुन्या माणसांना पाट्या उचलणाऱ्याएवढाच रोज मिळाला. दोन दिवस आले, तिसऱ्या दिवशी आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. ठेकेदार रस्त्याच्या कामातला. त्याने मुरूम आणला आणि बांधावर यंत्र चढवलं.

बांधाचा चिखल ओहोटीला फावड्याने विटेसारखा कापतात, हातोहात पुढे देतात, पायाने दाबतात आणि थर निवू देतात. वरचा थर कधी घालायचा ते खालच्यात टाच रुतते की नाही यावरून ठरतं. मुरूम सुकल्यावर दगडासारखा दिसतो, पण लाटा लागल्या की सुटत जातो. मानशीचंही तसंच. भरतीच्या दाबाने दार आपसूक मिटलं पाहिजे आणि ओहोटीला उघडलं पाहिजे. आमचा जुना सुतार दाराची कड अंगठ्याने चाचपत पुरी उंची उतरायचा. नवं दार एका बाजूला बोटभर उघडं राहिलं, त्यातून पाणी घुसून बाजूची माती पोखरत गेलं.

त्याच पावसाळ्यात अमावस्येच्या भरतीला खांड पडली, म्हणजे बांध फुटला. कोरगूट हा खाजनातला भात खारं सोसतो म्हणतात, पण तो पावसाने मीठ धुतलेल्या जमिनीत. आमचं पेरलेलं पिवळं पडलं. पुढच्या दोन वर्षांत खारफुटी उगवली आणि ती तोडायला परवानग्या. किनारी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना खास संरक्षण आहे, पण खारफुटीलाही आहे. मध्ये शेतकरी अडकतो.

आता सल्ला. मी अभियंता नाही, वकीलही नाही. एका संघटनेचा अनुभव समजा, तुमच्या मामलेदाराकडे विचारून घ्या.

चिखलकाम आणि मानस या दोन स्वतंत्र बाबी मागा, कुशल दरासह, आणि तेही निविदा निघण्याआधी लेखी. प्रमाणपत्राऐवजी ‘खाजनबांधाचा अनुभव, संघटनेच्या आमसभेच्या ठरावाने प्रमाणित’ अशी अट घालून घेता येते का बघा. माझं स्पष्ट मत, सभागृहातल्या दहा दिवसांच्या वर्गाने बांध घालणारा तयार होत नाही. उलट त्या म्हाताऱ्यांच्या हाताखाली दोन-तीन तरुण पगारी लावा, नाहीतर पुढच्या दुरुस्तीला विचारायलाही कोणी उरणार नाही. कामाची वेळ भरती-ओहोटीवर ठरेल, हेही लिहून घ्या. आमचा मुकादम नऊला हजेरी घ्यायचा, तेव्हा चिखल पाण्याखाली असायचा.

रोजगार हमीतून करायचा विचार असेल तर, आमच्या वेळी मनरेगात कुशल मजुरी साहित्याच्या ४० टक्क्यांत मोजत आणि ठेकेदार चालत नसे. तो हिशोब आधी बघा.

विषयांतर होतंय, पण मानशीच्या पावणीवरही, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या हक्काच्या लिलावावरही, लक्ष ठेवा. मासळीसाठी दार नको तेव्हा उघडं ठेवलं तर चांगला बांधही आतून खचतो.

आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी एक अमावस्येची भरती जाऊ द्या, रात्रीची असली तरी बांधावर उभे राहून बघा. आम्ही सही केली ती अष्टमीला. त्या दिवशी पाणी बांधाच्या निम्म्यालाही पोचलं नव्हतं.