नीटनंतरचे चार महिने

लेकरा,

अनेक आशीर्वाद. नीटचा पेपर झाला, आता प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत काय करू, असं विचारलंस. गावात फिर.

अमेरिकेत मेडिकलच्या आधी सहसा चार वर्षांची पदवी लागते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९७३ साली पदवी आणि एमडी जोडून कमी वर्षांत संपणारा अभ्यासक्रम निघाला, त्यात वस्तीचं आरोग्य सुरुवातीपासून शिकवतात. आपल्याकडे बारावीनंतर थेट एमबीबीएस, साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप. वेगात आपण पुढेच आहोत, पण माणसं समजून घ्यायला मधली वर्षं मिळत नाहीत. तुझ्या हातात हे चार महिनेच आहेत. शिवाय ऊसतोडीला जाणारी बीड जिल्ह्यातली केज-धारूरकडची कुटुंबं याच काळात घरी असतात. दसरा-दिवाळीला निघाली की उन्हाळ्यापर्यंत गाव ओस.

एकट्यानं दारं वाजवू नकोस. उपकेंद्राच्या सिस्टरला विचार आणि आशाताईंबरोबर जा. औषध द्यायचं नाही, सल्लाही नाही. बघायचं, मोजायचं, लिहायचं.

अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायला शीक. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, डावा हात. कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये खूण कर, मग हात सैल सोडायला लाव आणि खुणेवर पट्टी गुंडाळ. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. पट्टी आवळली तर धडधाकट मूलही कुपोषित दिसतं, सैल राहिली किंवा बाहीवरून मोजलं तर खरं कुपोषित निसटतं. म्हणून दोनदा मोज.

गरोदर बाईला ‘गोळ्या खाता का?’ विचारलंस तर उत्तर ‘हो’च येणार. त्यापेक्षा ‘पाकीट दाखवता का, ताई?’ म्हण आणि उरलेल्या गोळ्या मोज. लोहाची लाल गोळी रोज एक, १८० दिवस. ती का सुटते? उपाशीपोटी मळमळतं, शौच काळी होते म्हणून सासू घाबरते. आणि गोळी घेऊन लगेच चहा प्यायला की लोह नीट शोषलंच जात नाही. ही कारणं तिच्याच शब्दांत वहीत उतरव. पुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असतात.

लसीचं कार्डही बघ. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. दसऱ्याला सात महिन्यांचं असलेलं बाळ नऊ महिन्यांचं होतं ते उसाच्या फडावर. तिथं कार्ड हरवतं, मग कोणता डोस झाला तेच कळत नाही. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला आणि आईच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवायला आशाताईंना सुचव.

कॉलेज लागलं की कुटुंब दत्तक कार्यक्रमात गावातली काही कुटुंबं वाट्याला येतील, त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचं. अनेकजण एका दुपारी फॉर्म भरून मोकळे होतात. तू तसं करू नकोस. त्यातलं एखादं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणारं असेल, तर ते निघण्याआधी पुन्हा भेट आणि कोणत्या कारखान्याला चाललेत ते लिहून घे.