बाहेर माया, घरात चीड

वसई पट्ट्यात समुपदेशन करताना ख्रिस्ती घरांतून, त्यातही पन्नाशी ओलांडलेल्या बायकांकडून, एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो. चर्चच्या कामात मी जीव ओतते, परक्याच्या दुखण्याला धावते, पण घरच्या आजारी माणसाचं करताना नुसती चिडचिड होते. मग माझा विश्वास खोटा का? मी लोकांना दाखवायला सेवा करते का?

ज्यांची गोष्ट सांगते आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना नुसतं ताई म्हणते. वय 58, निवृत्त शिक्षिका. यजमान मुंबईला नोकरीला, सकाळची लोकल धरून रात्री परतणारे. मुलगा कॅनडात. घरात 88 वर्षांच्या सासूबाई, त्यांना स्मृतिभ्रंश. निदान होऊन चार वर्षं झाली होती.

ताईंचं वर्ष चर्चच्या पंचांगावर चालायचं. आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार आठवडे, लागला की गरजू घरांच्या याद्या आणि शिध्याच्या पिशव्या, मग नाताळचा गोठा. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, दर शुक्रवारी क्रूसाची वाट, येशूच्या अखेरच्या वाटचालीची प्रार्थना. मे महिन्यात वाडीतल्या क्रूसाजवळ संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, तिथल्या दिव्या-फुलांपासून चण्यांपर्यंत सगळं ताईंकडे. 2018 च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली तेव्हा त्या गुडघाभर पाण्यातून खिचडीचे डबे पोचवत होत्या. सप्टेंबरात मरियामातेच्या जन्मोत्सवाची नऊ दिवसांची नोव्हेना, नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणासाठी दफनभूमीची साफसफाई. शिवाय वर्षभर संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या गटातून अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या भेटी. (आपल्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, सेवेच्या यादीतली बहुतेक नावं बायकांची असतात. पुरुष मांडव घालतात, वर्गणी गोळा करतात आणि सणाच्या दिवशी आभार त्यांचे आधी मानले जातात. हे माझं मत, कुणाला लागलं तर लागू दे.)

त्या माझ्याकडे आल्या त्या उपवासकाळात. त्यांना पाठवलं होतं त्यांच्या फादरांनी.

शुक्रवारची संध्याकाळ. सहाला क्रूसाची वाट, आणि ताईंना वाचन होतं. सासूबाईंनी दुसऱ्यांदा गाऊन खराब केला. बदलायला घेतला तर त्यांनी ताईंचा हात झटकला आणि म्हणाल्या, "चोरटी! माझ्या पाटल्या कुठे ठेवल्यास?" ताईंनी त्यांचा दंड धरून ओढलं. दुसऱ्या दिवशी अंघोळ घालताना सुरकुतलेल्या कातडीवर चार बोटांचे निळे वळ दिसले.

ताईंनी फादरांपुढे पापनिवेदन केलं. "क्षमा मिळाली, मॅडम," त्या म्हणाल्या, "पण संध्याकाळ परत आलीच." मग हळूच, "त्याच आठवड्यात एका आजींना भरवून आले. त्यांच्या हनुवटीवरून पेज ओघळत होती, मी पदराने पुसली. मला काही म्हणजे काही घाण वाटली नाही. घरी मात्र माझं तोंड वाकडं होतं. ढोंगीच ना मी?"

मी त्यांना विचारलं, त्या शुक्रवारी पोटात काय होतं? सकाळी कोरा चहा, दुपारी अर्धी भाकरी. ताईंना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. तरी चाळीस दिवस एकभुक्त राहण्याचा त्यांचा नेम होता. झोप? सासूबाई रात्री दोनला उठतात, चारला उठतात, दार उघडायला बघतात. सलग तीन तास झोप शेवटची कधी लागली ते ताईंना आठवेना.

चर्चचा स्वतःचा नियम इतका कडक नाही. बंधनकारक उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे), तोही 18 ते 59 वयाच्या माणसांना. आजाऱ्यांना त्यातून सूट आहे. ताईंना हे माहीत होतं, पण सूट घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मी त्यांना आधी डॉक्टरांकडे धाडलं. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं तपासून या, मग आत्म्याचं बोलू. साखर भलतीच चढलेली निघाली. अशा बाईच्या भक्तीचा हिशेब मांडायला मी बसणार नव्हते.

वळांचा विषय मात्र मी सैल सोडला नाही. दमलेल्या माणसाकडून झालेली इजाही इजाच असते, आणि ज्यांना झाली त्यांना ती सांगता येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत ठरवलं. हात शिवशिवायला लागले की गॅस बंद करायचा, सासूबाईंना खुर्चीत बसवायचं, पुढचं दार ओढून घ्यायचं आणि बाहेरच्या ओट्यावर दहा मिनिटं जाऊन बसायचं. गाऊन ओला राहिला तर राहू दे. दहा मिनिटांच्या ओल्या गाऊनने कुणाला काही होत नाही. हे वाचणाऱ्या कुणाचा हात असा उठत असेल आणि जवळपास बोलायला कुणी नसेल, तर सरकारच्या टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

आता त्या ढोंगाच्या प्रश्नाकडे येते. बाहेरच्या आजींकडे ताई अर्धा तास असतात. आजी त्यांना ओळखतात, "आलीस गं बाय" म्हणतात, जाताना डोक्यावर हात ठेवतात. रात्रीचे दोन आणि चार त्या आजींच्या सुनेच्या वाट्याला येतात. ती सून कदाचित दुसऱ्या कुणापुढे हीच तक्रार सांगत असेल. घरी ताईंना ना आभार, ना सुट्टी, वर चोरीचा आळ. या आजारात वस्तू ठेवल्याची जागा विसरते आणि जवळच्याच माणसाने चोरल्याचा संशय येतो. आळ सर्वांत जास्त राबणाऱ्यावरच येतो, कारण समोर तोच असतो. हे ताईंना डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं. पण सांगितलेलं कळणं आणि तोंडावर "चोरटी" ऐकून घेणं यात फरक आहे.

आणखी एक गोष्ट होती, ती बरीच उशिरा बाहेर आली. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ताईंना ताप होता. सासूबाईंनी पहाटे चारला उठवून वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडायला पाठवलं. फुलं पहिल्या गाडीने दादरला जायची असत. ताई भिजत कळ्या खुडून आल्या आणि तशाच शाळेत गेल्या. त्याबद्दल सासूबाई कधी एक शब्द बोलल्या नाहीत. अशा पुष्कळ गोष्टी. "वाटायचं, म्हातारपणी कधीतरी म्हणतील, पोरी, तुझं चुकलं नव्हतं," ताई म्हणाल्या. "आता त्यांना मी कोण तेच माहीत नाही. कुणावर रागवू?"

इथे मी बराच वेळ थांबले. अशा वेळी क्षमा करून टाका असं सांगायची घाई होते, धर्मसभेत होते तशी समुपदेशकाच्या खोलीतही. ताईंनी ते स्वतःला वर्षानुवर्षं सांगितलं होतं, आणि दर वेळी जमलं नाही म्हणून स्वतःलाच बोल लावला होता. मी म्हटलं, ज्यांना ऐकता येत नाही त्यांना माफ करण्याआधी, ज्याला ऐकता येतं त्याला आधी सांगा तरी. त्यांनी यजमानांना सांगितलं, मोगऱ्यापासून सगळं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला माहीत होतं." ताईंना ते फार लागलं. पुढची भेट अख्खी त्यावरच गेली. पण जी गोष्ट एकटीने गिळली असं त्या समजत होत्या तिला घरात साक्षीदार होता, आणि पुढे घरची बैठक झाली तेव्हा त्या साक्षीदाराला मागे सरता आलं नाही.

ताईंच्या घरी बाळ येशूच्या संत तेरेजाची तसबीर आहे. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली ही धर्मभगिनी 1897 मध्ये चोविसाव्या वर्षी वारली. पुढे 1927 मध्ये चर्चने तिला मिशनकार्याची आश्रयदाती ठरवलं, मठाबाहेर न पडलेल्या मुलीला. ताई तिचाच दाखला देऊन स्वतःला दोष देत होत्या. मठातल्या एका कुरकुऱ्या वृद्ध सिस्टरला तेरेजा रोज संध्याकाळी भोजनगृहात घेऊन जायची. जोरात चाललं तरी बोलणी, हळू चाललं तरी बोलणी, आणि ही हसतमुख. "ती बघा, आणि मी बघा," ताई म्हणायच्या. मी म्हटलं, बघूया तर नीट. ते काम तिने स्वतः मागून घेतलेलं होतं. चालत जाण्याएवढ्या वेळाचं होतं. आणि त्या सिस्टरचं बाकी सगळं करायला अख्खा मठ होता. तुमच्या मठात कोण कोण आहे?

त्यावर ताई पहिल्यांदा हसल्या. "मी आणि फ्रीज," म्हणाल्या.

मदतीचं नाव काढलं की मात्र गाडी अडायची. ज्या गटातून ताई इतरांच्या घरी जात, त्याच्या यादीत त्यांचं स्वतःचं घर नव्हतं. "आपल्याकडे काय कमी आहे? ते गरिबांसाठी असतं." मी योहानाच्या शुभवर्तमानातला पेत्र आठवून दिला. येशू पाय धुवायला वाकला तर तो नकोच म्हणाला होता, आणि त्यावर येशूने त्याला ऐकवलं, मी तुला धुतलं नाही तर माझ्यात तुझा वाटा नाही. हे ताईंनी कितीतरी आज्ञा गुरुवारी, म्हणजे शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी पाय धुण्याच्या विधीत, ऐकलेलं होतं. ताई म्हणाल्या, "पेत्राच्या घरात लघवीचा वास येत नव्हता, मॅडम."

खरी अडचण ही होती. आळस नव्हता, अभिमानही फारसा नव्हता. फिनेलने पुसूनही जात नाही असा वास, आणि तो बाहेर बोलला जाईल याची लाज. मग आम्ही वासाबद्दलच बोललो. गादीवर रबरी शीट, दर दोन तासांनी स्वतःहून शौचालयात नेणं, झाकणाची बादली. समुपदेशनात अशा गोष्टींना वेळ देणं काही सहकाऱ्यांना खालच्या दर्जाचं वाटतं. मला नाही वाटत. वास कमी झाला आणि शेजारीण आत आली.

संध्याकाळचंही तसंच. दिवस कलला की या आजारात अस्वस्थता वाढते. "मला घरी जायचंय, बाबा वाट बघतायत," हे सासूबाईंचं सहाच्या सुमारास सुरू व्हायचं, आणि ताई समजावायच्या की हेच तुमचं घर, बाबा कधीच देवाघरी गेले. मग रडारड. आता अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावायचे, वाद घालायचा नाही आणि विचारायचं, "घरी कोण कोण आहे?" सासूबाई मग वाडीतल्या विहिरीपर्यंत पोचायच्या. एकदा ताईंना सुचलं म्हणून त्यांनी रोझरी सुरू केली, तर सासूबाई न अडखळता पुढे म्हणू लागल्या. सुनेचं नाव हरवलं होतं, माळ शाबूत होती. त्याहून नवल लॅटिनचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली. त्याआधी लहानपणी कानावर पडलेली लॅटिन गीतं सासूबाई सुरात म्हणत, अर्थ तेव्हाही माहीत नव्हता. ताई शेजारी बसून भाजी निवडायच्या.

यजमान, विरारची नणंद आणि फोनवर मुलगा, अशी बैठक झाली. शुक्रवार-शनिवारच्या रात्री यजमानांच्या. शनिवारी दिवसा नणंद. मुलाने रुग्णसेवा ब्युरोच्या बाईचे आठवड्यातल्या तीन दुपारचे पैसे द्यायचे. गटाला ताईंनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना रडल्या. गटातल्या दोघी रविवारी आळीपाळीने सासूबाईंजवळ बसू लागल्या. त्यामुळे ताईंना मिस्सा मिळू लागली. ज्या रविवारी कुणी येत नसे त्या रविवारी पूर्वी जीव तुटायचा. तेव्हा मी त्यांना त्यांच्याच संस्थेच्या आश्रयदात्या संताची आठवण द्यायची. प्रार्थनेच्या वेळी आजाऱ्याला औषध न्यायचं असेल तर खुशाल जा, देवाला सोडून देवाकडेच जाता आहात, असं संत व्हिन्सेंट डी पॉल सतराव्या शतकात आपल्या धर्मभगिनींना बजावत असे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. फादरांनी त्या वर्षी आज्ञा गुरुवारी पाय धुवायच्या बारा जणांत ताईंचं नाव घातलं होतं. 2016 पासून स्त्रियांनाही त्यात घेता येतं. ताईंनी साफ नकार दिला. टाचा फुटल्यात म्हणाल्या. आगमनकाळात शिध्याच्या याद्या पुन्हा अंगावर घेतल्या आणि नाताळच्या आठवड्यात ओट्यावर जाऊन बसायची वेळ दोनदा आली. पण त्या ओट्यावर गेल्या. वळ पुन्हा उठले नाहीत.

नणंदेचं आणि त्यांचं डायपरवरून दर शनिवारी वाजतं. ती सैल बांधते, चहात साखर जास्त घालते आणि वर आईला तुम्ही वाळवलंत म्हणते. ताईंनी विचारलं, "हेही सोसायचं का?" मी म्हटलं, तेवढा वेळ तुम्ही घराबाहेर असलात तर सोसावं लागणार नाही. आता शनिवारी त्या बाजारात जातात, किंवा पापडी गावातल्या मैत्रिणीकडे.

अलीकडे भेटल्या तेव्हा गटाच्या चिटणीसपदासाठी पुन्हा विचारणा झाल्याचं सांगत होत्या. मी म्हटलं, पावसाळा जाऊ दे, मग बघू. ताई म्हणाल्या, "मी हो म्हणून आलेय. पण फक्त हिशेबाचं काम. ते घरी बसून होतं, आणि वही भिंतीकडे धरली की सासूबाई ती मिस्साचं पुस्तक समजून गात बसतात."