सगळ्यांनाच पाचपैकी चार

प्रश्न : भोसरीत आमचं सीएनसी मशिनिंगचं (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांनी धातूचे भाग कापून घडवण्याचं) वर्कशॉप आहे. दोन शिफ्ट, २६ कामगार. दर एप्रिलला सुपरवायझर प्रत्येकाला पाचपैकी गुण देतात आणि जवळजवळ सगळ्यांना चारच पडतात. पगारवाढही सारखीच होते. यंदा दोन चांगले ऑपरेटर सोडून गेले. काय बदलावं?

उत्तर : तुमच्या फॉर्मवर बहुधा 'शिस्त', 'कामाची आवड' असे रकाने असतील. तिथे कुणाला दोन द्यायचे तर पुरावा लागतो. तो हाताशी नसतो, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच माणसाला ओव्हरटाइमसाठी थांबवायचं असतं. मग चार देऊन मोकळं व्हायचं. सुपरवायझरला दोष देऊ नका, रकाने बदला.

आधी जॉबकार्ड, म्हणजे कुणी कोणता जॉब केला आणि किती वेळात किती नग काढले याची नोंद, नीट भरून घ्या. मात्र नुसते नग मोजलेत तर तुमचा सर्वांत हुशार ऑपरेटर तळाला जाईल, कारण अवघड जॉब आणि सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीन जुळवणं) त्याच्याच वाट्याला येतात. हिशोब मिनिटांत करा. शिफ्ट ४८० मिनिटांची. जेवण, चहा, साफसफाईची ४५ आणि सेटिंगची ७५ वजा केली की उरली ३६०. लोडिंग धरून एका नगाला ६ मिनिटं लागत असतील तर ६० नग व्हायला हवेत. ५४ चांगले निघाले, तर काम ९० टक्के. मटेरियल आलं नाही, वीज गेली, टूल मिळालं नाही, तर तेवढी मिनिटंही वजा करायची आणि कारण त्याच शिफ्टला लिहायचं. नाहीतर स्टोअरच्या चुकीची किंमत ऑपरेटर मोजतो. रिजेक्शन आणि रीवर्क वेगळं मांडा.

आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टींसाठी सुपरवायझरला वही द्या. दर पंधरवड्याला प्रत्येकाबद्दल दोन ओळी, तारीख आणि जॉबसकट. उदाहरणार्थ : 'बोअर (आतलं भोक) लहान होत चालला होता, इन्सर्ट (कापणारं पातं) झिजल्याचं ओळखून वेळेत बदलला, बॅच वाचली.' वही नसेल तर एप्रिलमध्ये फक्त फेब्रुवारी-मार्च आठवतात आणि मार्चमध्ये लग्नासाठी रजा घेतलेला माणूस उगाच मागे पडतो.

दोन्ही शिफ्टच्या सुपरवायझरांना गुण पक्के करण्याआधी समोरासमोर बसवा. एकाचा तीन म्हणजे दुसऱ्याचा चार, हे तिथेच उघड होतं. दर तीन महिन्यांनी ऑपरेटरशी वीस मिनिटं बोला, मशीनपासून दूर, आणि आधी त्याला बोलू द्या. पगाराचा विषय त्या बैठकीत नको. तो निघाला की माणूस अडचणी सांगायचं थांबतो.

कुणीतरी शेवटचा आलाच पाहिजे, अशी सक्तीची क्रमवारी लावू नका. मायक्रोसॉफ्टनेही ती २०१३ मध्ये बंद केली. तेरा जणांच्या शिफ्टमध्ये ती आली तर जो तो आपला क्रमांक सांभाळेल, मग नव्या हेल्परला ऑफसेट (टूलच्या मापाची मशीनमध्ये करायची दुरुस्ती) कोण शिकवेल?

पगारवाढीचे दोन भाग करा : महागाईपोटी सर्वांना सारखा, उरलेला कामावर. कायद्याने द्यायच्या किमान ८.३३ टक्के बोनसला गुणांशी जोडू नका.

प्रश्न : वारंवार सांगूनही एकाचं काम सुधारत नाही. काढून टाकावं का?

उत्तर : आधी त्याला महिनाभर दुसऱ्या मशीनवर लावून बघा, डोळेही तपासून घ्या, व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) चुकीचा वाचला जाण्याचं ते साधं कारण असू शकतं. मग मराठीत लेखी द्या : कोणता जॉब, किती रिजेक्शन चालेल, किती आठवड्यांत. दर शनिवारी आकडे दाखवा, दोघांच्या सह्या घ्या. कामावरून कमी करण्याआधी कामगार कायद्याच्या सल्लागाराला हे कागद दाखवा.