तुमचे प्रश्न : बेताच्या पैशांत गेमिंग पीसी आणि गेम्स

प्रश्न : बारावी झालेल्या मुलाला गेम खेळायला आणि पुढे कॉलेजच्या कामाला कॉम्प्युटर हवा आहे. मॉनिटर घरात आहे. पन्नास-पंचावन्न हजार खर्च करू शकतो. एक दुकानदार ‘आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ असा तयार गेमिंग पीसी बावीस हजारांत देतो म्हणतो. घ्यावा का? — एक पालक, सांगली

नको. ‘आय सेव्हन’ हे नुसतं आडनाव झालं, त्यावरून वय कळत नाही. वय कळतं पुढच्या आकड्यावरून. आय७-३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. इतक्या स्वस्त सेटमध्ये बहुतेकदा असाच, ऑफिसांतून निघालेला प्रोसेसर असतो आणि त्याखाली नव्याने बनवलेला अनोळखी मदरबोर्ड. आजचा साधा आय३-१२१००एफ चार कोअरचा असूनही गेममध्ये त्याच्या पुढे जातो. दुसरं असं की, विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच्या इंटेलवर चालते आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही दोन्ही सुरक्षा साधनं मागतो, तिथे या जुन्या बोर्डांची गाडी अडते.

‘४ जीबी कार्ड’ म्हणजे बहुधा २०१४ चं जीटी ७३०. मेमरी चार जीबी, पण ती जुन्या डीडीआर३ जातीची आणि तिच्यापर्यंतची वाट अरुंद. टाकी मोठी, नळ बारीक. नवे गेम त्यावर धड चालत नाहीत. दुकानदाराकडून प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, कार्डचं पूर्ण नाव आणि एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणारा डबा) कंपनी लिहून मागा. लिहून द्यायला तो कचरत असेल, तर तिथून निघा.

घरी असलेला मॉनिटर १०८० रेझोल्यूशनचा असेल, तर त्याला पुरेसा सेट असा : रायझन ५ ५६०० (सहा कोअर, डब्यात कूलर येतो), बी४५० किंवा बी५५० मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ८ जीबीचं आरएक्स ६६००, किमान ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावरच बसणारी वेगवान साठवण), ४५० ते ५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) एसएमपीएस आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. एकट्या कार्डावर बजेटचे पस्तीस-चाळीस टक्के गेले तरी जाऊ द्या, गेम त्याच्याच जिवावर चालतो.

२०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी बऱ्याच महागल्या आहेत, म्हणून एवढं बजेट ओढाताणीचं होईल. काटछाट करायचीच, तर या क्रमाने करा. दिव्यांचं कॅबिनेट आणि वेगळा कूलर आधी वगळा. मग रॅम जुनी घ्या. रॅममध्ये झिजणारा भाग नाही, मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालवली की खरंखोटं कळतं. त्यानंतर प्रोसेसर आय३-१२१००एफ आणि बोर्ड एच६१० करा. तरीही जमत नसेल तर सध्या कार्डच नको. अंगभूत ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी घ्या आणि वर्षभराने कार्ड लावा. मात्र ५६००जी घेतलात तर रॅमच्या दोन पट्ट्या हव्यातच. त्याचं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं, आणि एकाच पट्टीवर गेमचा वेग फार पडतो.

एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर करू नका. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा ४५० वॅटचा डबा खरे तितके वॅट देईलच असं नाही, आणि तो जळताना सोबत बोर्ड आणि कार्डही नेऊ शकतो. गणित सोपं आहे : आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, प्रोसेसरला फार तर ८०-९०, बाकी सगळ्याला ४०-५०. म्हणजे पावणेतीनशेच्या आत. यासाठी ६५०-७५० वॅटचा घ्यायची गरज नाही, चांगल्या कंपनीचा ४५० पुरतो.

मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत सगळं मिळतं, तरी आधी दोन-तीन ऑनलाइन दुकानांतले भाव कागदावर उतरवून न्या. जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर असल्याशिवाय पैसे देऊ नका. वॉरंटी भागागणिक वेगळी असते, आणि दावा करताना हाच कागद उपयोगी पडतो.

प्रश्न : नवा पीसी व्यवस्थित चालतो, पण कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. अनवाणी असताना जास्त. दुकानदार म्हणतो, एवढं तर होतंच. खरं आहे का? — एक वाचक, देवरूख

पीसीत बिघाड नसावा. पण ‘होतंच’ म्हणून सोडण्यासारखंही हे नाही. घराचं अर्थिंग तुटलेलं आहे किंवा त्या सॉकेटपर्यंत पोचलेलंच नाही.

घडतं ते असं. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. त्यांतून झिरपणारा बारीक प्रवाह अर्थच्या तारेने जमिनीत जावा अशी रचना आहे. अर्थ नसेल तर तो कॅबिनेटवरच अडकतो आणि मीटर लावला तर पत्र्यावर सुमारे ११० ते ११५ व्होल्ट दिसतात. प्रवाह नगण्य असल्याने फक्त झिणझिणतं. पण पीसी चालू असताना टीव्हीची एचडीएमआय वायर लावायला गेलात, तर तोच दाब पोर्टमधून वाट काढतो आणि कार्डाचा किंवा टीव्हीचा पोर्ट जाऊ शकतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, उद्या खरोखर एखादी तार पत्र्याला टेकली तर एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) पडणार नाही.

वायरमनला बोलावून मीटरने तीन मोजमापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ खूप कमी आलं तर अर्थ नाही. टेस्टरचा दिवा बघून ‘अर्थ आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून देतात, ते कधीही करू देऊ नका. मागे कुठेही न्यूट्रल तुटली तर अख्ख्या कॅबिनेटवर २३० व्होल्ट येतील. अर्थचा खड्डा जुना असेल तर कोळसा-मीठ नव्याने भरून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. कोरड्या जमिनीत अर्थ नावालाच उरतो. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घेतलात तर उत्तम. आणि तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून टू-पिनमध्ये खुपसलेली असेल, तर आधी ते बदला.

वीज जाण्याचं म्हणाल, तर ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. गेम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरताच तो आहे, खेळत राहण्यासाठी नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा आहे ना ते बघा आणि त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. साध्या मोडवर बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी बंद पडतो. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर गेमिंग पीसी लावू नका.

प्रश्न : सगळं स्वतः जोडलं. रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, आरएक्स ६६००. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच. काय चुकलं? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

घाबरू नका, अशा वेळी भाग क्वचितच खराब असतो. आधी एचडीएमआय वायर कुठे लावलीय ते बघा. ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे मदरबोर्डवरच्या पोर्टमधून काहीच येणार नाही. वायर खाली, आडव्या कार्डात हवी.

मग बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग. २४ पिनांचा मोठा प्लग लावून हाच विसरला जातो. पंखे त्याशिवायही फिरतात, म्हणून कळत नाही. त्यात ४+४ लिहिलेली वायर जाते आणि कार्डात ६+२ लिहिलेली. बसत नसेल तर जोर लावू नका, वायर चुकलेली आहे.

रॅम दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी वापरा. आता एकच पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवून चालू करून बघा आणि दोनेक मिनिटं थांबा. पहिल्यांदा बोर्ड रॅम ओळखायला वेळ घेतो.

तुमच्या बाबतीत खरा संशय बायोसचा, म्हणजे बोर्डात आधीच भरलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमचा आहे. बी४५० बोर्ड ५००० मालिकेच्या आधीचे. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात जुनं बायोस असेल तर त्याला हा प्रोसेसर ओळखूच येत नाही. डब्यावर ‘रायझन ५००० रेडी’ असा शिक्का आहे का बघा. नसेल आणि बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल, तर एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर कंपनीच्या साइटवरची फाइल सांगितलेल्या नावाने टाका, ठरलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावा आणि बटण दाबून धरा. प्रोसेसर न ओळखताही बायोस बदलतं. दिवा लुकलुकत असताना वीज जाऊ देऊ नका. बटण नसेल तर बोर्ड दुकानात न्यावा लागेल.

यातही काही निघालं नाही, तर बोर्डाचं गोल सेल पाच मिनिटं काढून परत लावा. आणि पीसी क्षणभर चालू होऊन लगेच बंद होत असेल, तर बोर्डाखाली जास्तीचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा छोटा खांब) राहिलाय का बघा. तो मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करतो.

स्क्रीन आली की बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते आणि विकत घेतलेला वेग वाया जातो. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा हाताने निवडावा लागतो. आणि कधी कूलर काढायचा झाला तर आधी दहा मिनिटं गेम चालवून कूलरखालची पेस्ट गरम करा, पीसी बंद करा, मग कूलर थोडा पिळून काढा. तुमच्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटमध्ये थंड पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात.

प्रश्न : जुनं ग्राफिक्स कार्ड घेताना काय बघावं? — एक वाचक, पणजी

कार्ड विकणाऱ्याच्या पीसीवर चालताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा : खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर, म्हणजे गणित करणारे बारीक भाग, दिसतात. २०४८ दिसले तर ते ५८० च्या नावाखालचं हलकं कार्ड आहे, भाव त्याप्रमाणे द्या. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) १०-१५ मिनिटं चालवा. स्क्रीनवर ठिपके, चौकटी, रंगीत रेघा दिसल्या तर मेमरी गेलेली आहे, दुरुस्तीची आशा धरू नका. पंख्याची घरघर मात्र चालेल, पंखा बदलता येतो.

जीटीएक्स १०५० टीआय, १०६० स्वस्तात खूप फिरताहेत. एनव्हिडियाने या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं, पुढे फक्त सुरक्षेचे. जुने गेमच खेळायचे असतील तर हरकत नाही. ज्यांच्या एसएमपीएसला कार्डाची वायरच नाही, त्यांनी वेगळी वायर न लागणारं ७५ वॅटचं जीटीएक्स १६५० शोधावं. ऑफिसचा बारका डेल किंवा एचपी पीसी असेल तर त्यातही अर्ध्या उंचीचं.

प्रश्न : एकेक गेम तीन-चार हजारांचा. स्वस्तात आणि सरळ मार्गाने कसे घ्यायचे? — दोन भाऊ, नाशिक

नवा गेम पहिल्या दिवशी घेऊ नका, स्वस्ताईचं मोठं गुपित एवढंच आहे. वर्ष-दीड वर्षात बहुतेक मोठे गेम निम्म्यावर येतात आणि तोवर त्यांतल्या चुकाही दुरुस्त झालेल्या असतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात भाव रुपयांत असतात, यूपीआय चालतं. हवे ते गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, सूट लागली की मेल येते. मोठे सेल ऋतूंप्रमाणे चार, त्यांत जूनअखेरचा आणि डिसेंबरचा सर्वांत भरगच्च. सूट किती टक्के हे बघण्यापेक्षा भाव नोंदवणाऱ्या स्टीमडीबी साइटवर त्या गेमचा आजवरचा नीचांकी भाव बघा.

पीसीवर गेम चालेल का अशी शंका असेल तरी घेऊन बघता येतं. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल, तर स्टीम पैसे परत करतं. म्हणून पहिला तास सेटिंगमध्येच घालवू नका.

एपिक स्टोअर २०१८ च्या अखेरीपासून मोफत गेम देतं, आठवड्याला निदान एक. दर गुरुवारी रात्री तो बदलतो. त्या आठवड्यात खात्यात जमा केला की कायमचा तुमचा, उतरवून घ्यायची घाई नाही. तुम्ही भाऊ एकाच घरात आहात, तर स्टीम फॅमिलीज चालू करा. सहा जणांपर्यंत एकमेकांचे गेम खेळता येतात, फक्त एक प्रत एका वेळी एकानेच. आणि धाकट्याने उसन्या गेममध्ये चीट वापरलं तर बंदी मालकालाही लागते, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

शे-दोनशे रुपयांत ‘ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशन’ म्हणून दुसऱ्याच्याच खात्याचा पासवर्ड देणारे टाळा. ते खातं कधीही बंद होतं आणि तुमच्या हाती काहीच राहत नाही. भुरट्या साइटवरच्या ‘की’चंही (गेम चालू करायचा कोड) तेच : चोरीच्या बँक कार्डावर घेतलेला कोड कंपनी नंतर रद्द करते.

कार्ड नसलेल्या ५६००जीवरही स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट मजेत चालतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० मध्ये आलेला राजीही विशलिस्टमध्ये टाका. दुर्गेच्या वराने लढणाऱ्या मुलीची गोष्ट आहे आणि भिंतींवरची चित्रं, वाड्यांची कोरीव कामं बघत थांबावंसं वाटतं.

मोठे गेम शंभर जीबीचे असतात. ५० एमबीपीएसच्या नेटवर त्याला साडेचार तास लागतात. घरात दुसऱ्या पीसीवर तोच गेम असेल, तर स्टीम तो घरच्या नेटवर्कवरून उचलतं, पुन्हा उतरवावा लागत नाही.

प्रश्न : नागपूरच्या मे महिन्यात पीसी तापून बंद पडेल का? — एक वाचक, नागपूर

खोली दहा अंशांनी तापली की आतले भागही साधारण तेवढेच चढतात. पुढून जाळीचं कॅबिनेट, पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, एवढं पुरतं. कार्ड ८०-८५ अंशांवर गेलं तरी चालतं. त्याहून वर जाऊ लागलं तर गेममध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधा, उष्णता लगेच उतरते. डेझर्ट कूलरचा थेट झोत पीसीवर घेऊ नका, त्यातले पाण्याचे तुषार आणि क्षार बोर्डावर बसतात. धूळ दोन महिन्यांतून एकदा ब्लोअरने काढा आणि काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.