'टॉम्स्क' की 'तोम्स्क'? आणि ते 'स्क' कशाचे?

प्रश्न असा: सैबेरियातल्या या शहराचे नाव मराठीत कसे लिहावे आणि ओम्स्क, इर्कुत्स्क, टोबोल्स्क या सगळ्यांच्या शेवटी 'स्क' का?

आधी 'स्क'. हा विशेषण करणारा प्रत्यय, साधारण आपल्या '-चा'सारखा. शहर ओब नदीला मिळणाऱ्या तोम नदीच्या काठी आहे. 1604 मध्ये झार बोरिस गोदुनोवच्या हुकमाने तिथे लाकडी गढी उभी राहिली. सतराव्या शतकातल्या कागदपत्रांत तिचा उल्लेख 'तोम्स्की गोरोद' असा येतो, म्हणजे 'तोमचे शहर'. पुढे 'गोरोद' गळले, 'तोम्स्क' उरले. ओम्स्क ओमवरून, इर्कुत्स्क इर्कुतवरून. पण सरसकट नदी शोधू नये: क्रास्नोयार्स्कमधला 'यार' म्हणजे उंच, तुटका काठ.

गंमत रहिवाशाच्या नावात आहे. तोम्स्कचा माणूस 'तोमिच', बाई 'तोमिच्का'. इथे 'स्क' गायब! 'पुण्याचा'मधला 'चा' जसा 'पुणेकर'मध्ये येत नाही, तसेच.

आता लेखन. रशियन 'т' दंत्य आहे, म्हणून 'त'. 'ट' इंग्रजीच्या वाटेने आला. त्याच न्यायाने टोबोल्स्कही खरे 'तोबोल्स्क'. रशियनमध्ये आघात नसलेला 'ओ' 'अ'कडे झुकतो, पण 'तोम्स्क'मध्ये स्वर एकच, आघात त्याच्यावरच, त्यामुळे 'ओ' शाबूत. 'म' आणि 'स' दोन्ही पाय मोडून लिहावेत. 'तोमस्क' लिहिले की नसलेला 'अ' मध्ये घुसतो. विभक्ती लावताना 'तोम्स्कमध्ये', 'तोम्स्कला' सुटसुटीत. 'तोम्स्कात' व्याकरणाने चालेल, जिभेला जड जाते.

'तोम्स्की विद्यापीठ' मात्र लिहू नये. 'की' हे रशियन पुल्लिंगी रूप आहे. मराठीत 'तोम्स्क विद्यापीठ' पुरे. 1878 मध्ये स्थापना होऊन 1888 मध्ये फक्त वैद्यक शाखेने सुरू झालेले हे रशियाच्या आशियाई भागातले पहिले विद्यापीठ. सैबेरियन रेल्वेचा मुख्य मार्ग दक्षिणेकडून गेला, तोम्स्कच्या वाट्याला ताइगा स्थानकापासूनचा फाटा आला. ओबवरच्या रेल्वेपुलाशी वाढलेली वस्ती, आजचे नोवोसिबिर्स्क, आकाराने त्याच्या कितीतरी पुढे गेली.

तोम्स्कमधल्या क्रास्नोआर्मेयस्काया रस्त्यावरच्या कोरीव लाकडी घरांची नावे मात्र खुशाल भाषांतरित करावीत: 'ड्रॅगनांचे घर', 'अग्निपक्ष्यांचे घर'. रस्त्याचे नाव तसेच ठेवावे, म्हणजे नकाशावर सापडेल. त्यातही तेच 'स्क' आहे, फक्त स्त्रीलिंगी 'स्काया' होऊन, कारण रशियनमध्ये रस्ता, 'उलित्सा', स्त्रीलिंगी.